मिलानची गृहजत्रा

मोरीतल्या बादलीला सोन्याचे पारितोषिक मिळाल्याचे आपण कधी ऐकले आहे काय? इटलीत ते मिळाले आहे. मिलान शहरातल्या ला रिनाशेंते या मोठ्या दुकानाने १९५४ साली ‘कॉम्पास्सो दोरो’, म्हणजे ‘सोन्याचा कंपास’, या नावाचे पारितोषिक उत्तम आखणीच्या वस्तूंसाठी सुरू केले. दुसऱ्याच वर्षी ते मिळवणाऱ्यांत कार्टेल कंपनीची झाकणाची प्लॅस्टिकची बादली होती. जीनो कोलोंबीनी हा तिचा कर्ता. जस्ताची जड बादली उचलून ज्यांचे हात भरून आले असतील, त्यांना या निवाड्याचे मर्म वेगळे सांगायला नको.

ज्या शहराने बादलीचा असा मान केला, त्याच शहरात दर एप्रिलमध्ये घरसामानाची जगातली सर्वांत नामांकित जत्रा भरते. ‘सालोने देल मोबिले’ हे तिचे नाव. इटालियन भाषेत फर्निचरला ‘मोबिले’ म्हणतात आणि त्या शब्दाचा मूळ अर्थ ‘हलवता येणारे’. आपल्याकडे खरेदीखतात स्थावर आणि जंगम असा भेद करतात ना, तोच हा. घर ते स्थावर, फर्निचर ते जंगम. ही जत्रा पाहायला निघताना हा एवढा एक शब्द गाठीशी बांधला तरी पुरे.

इटलीतल्या फर्निचरवाल्यांनी आपला माल परदेशी खपावा म्हणून १९६१ साली ही जत्रा सुरू केली. महायुद्धातल्या बॉम्बहल्ल्यांनी मिलान उद्ध्वस्त झाले होते आणि लोक नव्या, लहान लहान बिऱ्हाडांत राहायला आले होते. आजोबांच्या काळची भक्कम कपाटे तिथे मावणार कशी? तेव्हा तिथल्या वास्तुशिल्पींनी हलक्या सामानाचा ध्यास घेतला. जिओ पोंती यांची १९५७ सालची ‘सुपरलेज्जेरा’ खुर्ची अवघी १.७ किलो वजनाची आहे. घरातले लहान मूलही ती उचलून नेईल. आना कास्तेल्ली फेर्रिएरी यांची एकावर एक चढवायची गोल कपाटे १९६० नंतरच्या दशकातली. त्यांना जोडायला स्क्रू लागत नाही आणि दार सरकवायला मुठीऐवजी बोट जाईल एवढे भोक पुरते.

याहून गमतीचा आहे तो कास्तिल्योनी बंधूंचा १९६२ सालचा ‘आर्को’ दिवा. छताला भोक न पाडता जेवणाच्या टेबलावर उजेड यावा, म्हणून त्यांनी लांब वाकलेली पोलादी कमान केली आणि ती कलंडू नये म्हणून खाली सुमारे ६५ किलोचा संगमरवरी दगड बसवला. आता एवढे धूड हलवायचे कसे? त्यांनी दगडालाच आरपार भोक पाडले. त्यात झाडूचा दांडा घालावा आणि दोघांनी दोन बाजूंनी उचलावे! केर काढणाऱ्याची आठवण ठेवून वस्तू घडवणे म्हणतात ते हे.

आजची जत्रा शहराबाहेर, ऱ्हो येथील प्रचंड प्रदर्शननगरीत भरते. मेट्रोच्या तांबड्या मार्गाने थेट तिथे जाता येते. जत्रा मंगळवार ते रविवार चालते. पहिले दिवस व्यापाऱ्यांचे, सर्वसामान्यांनी शनिवार-रविवार गाठावा. सम सालात स्वयंपाकघर आणि न्हाणीघर यांची खास दालने असतात, विषम सालात दिव्यांची. पाय दुखेपर्यंत चालावे लागते, म्हणून आधी ‘सालोने सातेलिते’ गाठावे. पस्तिशीच्या आतल्या कलावंतांसाठी १९९८ पासून हा विभाग राखला आहे. इथे वस्तू घडवणाराच बहुधा शेजारी उभा असतो आणि विचारले की उत्साहाने सांगतो. त्याच आठवड्यात गावातही ब्रेरा, तोर्तोना या भागांत दुकाने, कार्यशाळा आणि जुन्या वाड्यांचे चौक पाहुण्यांसाठी उघडतात. जुने श्रीमंती घर पाहायचे तर १९३० नंतरच्या दशकात बांधलेला ‘व्हिला नेक्की कांपील्यो’ आहे. तो एरवीही पाहता येतो.

खरी परीक्षा मात्र स्वयंपाकघराच्या दालनात. तिथली ओट्याची लांबरुंद पाटी पाहून डोळे दिपतात. कपाटांना मुठी नाहीत, भांडे दिसत नाही, चूल कुठे आहे तेही शोधावे लागते. धूर वर न जाता ओट्यातच खाली ओढला जातो, असे विक्रेता सांगेल. त्याला विचारावे, उंच पातेल्यात खमंग फोडणी दिली तर ती वाफ खाली वळेल का? पण त्याहून महत्त्वाचा प्रश्न आपल्या शब्दाचा. हे सारे भिंतीला जखडलेले असते. जे जंगम होते तेच इथे स्थावर होऊन बसले आहे!

मुंबई-पुण्याच्या कुटुंबाला ही गोष्ट फार महागात पडते. आज आपल्याकडेही ‘मॉड्युलर किचन’ साठवलेल्या पैशांतून, नाहीतर कर्जाने होते. मग बिऱ्हाड बदलते, मुलाची बदली होते, किंवा जुनी इमारत पुनर्विकासाला निघते. भिंतीच्या मापाने कापलेले ते सामान नव्या जागी क्वचितच बसते. आजीचे फडताळ मात्र चार घरे फिरून आजही उभे असते.

मिलानला जाणे थोड्यांनाच जमेल. पण दिवाळीच्या सुमारास आपल्या गावातही गृहसजावटीची प्रदर्शने भरतात. तिथे पत्रके गोळा करण्याआधी विक्रेत्याला बेलाशक विचारावे : घर बदलले तर हे सुटे करून नेता येईल का? याच्या मागचा केर कोण आणि कसा काढील? बिजागरी मोडली तर नाक्यावरचा सुतार ती बसवील का? उत्तर देताना तो घुटमळला, तर घाई करू नये. घरी यावे, टेप घेऊन आपली भिंत मोजावी आणि मगच पुन्हा जावे.