उंची रक्ताची की ताटाची?

लग्नाची बोलणी सुरू झाली की मुलीच्या शिक्षणाबरोबर तिची उंचीही विचारली जाते. पोलीस भरतीच्या रांगेत पेडण्याचा किंवा डिचोलीचा एखादा तरुण अर्ध्या इंचाने मागे पडला, तर घरची मंडळी उसासा टाकून म्हणतात, "आमच्या घराण्यातच उंची नाही, त्याला इलाज काय?" एवढे म्हटले की प्रश्न मिटला असे पुष्कळांस वाटते. आम्हांस तसे वाटत नाही. का वाटत नाही हे सांगण्यासाठी वाचकांस प्रथम दूर कोरिया देशात न्यावे लागेल.

कोरियाचे नाव आपल्याकडच्या वडीलधाऱ्यांच्या कानी पडले ते १९५० ते १९५३ च्या युद्धामुळे. भारताने त्या रणभूमीवर लढाऊ सैन्य न पाठविता वैद्यकीय पथक पाठविले होते, ही गोष्ट आवर्जून ध्यानात ठेवण्यासारखी आहे. युद्ध थांबले तेव्हा तो देश उद्ध्वस्त आणि उपाशी होता. शाळेतल्या मुलांस परदेशांतून आलेल्या दुधाच्या पुडीवर दिवस काढावे लागत. अशा देशातील माणसे ठेंगणी असावीत यात नवल नव्हते, आणि तशी ती होतीही.

पुढे काय घडले ते आकड्यांवरूनच पाहावे. जगातील शास्त्रज्ञांच्या एका मोठ्या गटाने २०० देशांतील माणसांची मापे एकत्र करून २०१६ साली प्रसिद्ध केली. १८९६ साली जन्मलेल्यांपासून १९९६ साली जन्मलेल्यांपर्यंत, म्हणजे शंभर वर्षांचा तो हिशेब होता. त्याप्रमाणे १८९६ साली जन्मलेली कोरियन स्त्री सरासरीने सुमारे १४२ सेंटिमीटर उंच होती; त्याच साली जन्मलेली भारतीय स्त्री तिच्याहून चार-पाच सेंटिमीटर उंचच होती. शंभर वर्षांनी दक्षिण कोरियाची स्त्री सुमारे १६२ सेंटिमीटरवर पोहोचली, भारतीय स्त्री मात्र १५३ च्याही आतच राहिली. २० सेंटिमीटर म्हणजे जवळजवळ आठ इंच! स्त्रियांच्या उंचीत एवढी वाढ जगातील दुसऱ्या कोणत्याही देशात झाली नाही. पुरुषांचीही गोष्ट तशीच. कोरियन पुरुष सुमारे १७५ सेंटिमीटरला गेला, तर भारतीय पुरुष शंभर वर्षांत जेमतेम तीन सेंटिमीटरांनी वाढून १६५ च्या आसपास राहिला.

शंभर वर्षे म्हणजे चार-पाच पिढ्या. तेवढ्यात एखाद्या राष्ट्राचे रक्त बदलत नाही. बदलले ते ताट, पिण्याचे पाणी, दवाखाना आणि शाळेतले जेवण. याहून बोलका पुरावा त्याच भूमीवर आहे. १९४५ साली कोरियाची फाळणी झाली. एकच वंश, एकच भाषा, एकाच आडनावाची घराणी रेषेच्या दोन बाजूंस राहिली. उत्तरेकडे टंचाई सरली नाही, १९९० नंतरच्या दशकात तर मोठा दुष्काळ पडला. उत्तरेतून निसटून दक्षिणेत आलेल्यांची मापे घेतली तेव्हा ती माणसे त्याच वयाच्या दक्षिणेकडील भाऊबंदांहून काही सेंटिमीटरांनी ठेंगणी भरली. आजोबा एक, नातवंडे दोन मापांची!

आता आपल्या घरी येऊ. गोमंतकात माणसांची मापे घेण्याचा प्रकार नवा नाही. पणजीच्या वैद्यकीय विद्यालयातील डॉक्टर जेर्मानु कोरैय्या यांनी विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात येथील पोर्तुगीज वंशजांची, तसेच डिचोलीस लागून असलेल्या सत्तरीच्या राण्यांचीही अंगमापे घेतली होती. इकडे महाराष्ट्रात इरावती कर्वे आणि वि. म. दांडेकर यांनी निरनिराळ्या जातिजमातींच्या मापांचा ग्रंथ १९५१ साली प्रसिद्ध केला. त्या काळी अशा मापांत पंडित प्रामुख्याने वंशाचा माग काढीत. कवटीची रुंदी, नाकाची लांबी, शरीराची उंची, सर्व काही कुळाची साक्ष म्हणून नोंदविले जाई. माप घेतलेल्या माणसाने लहानपणी काय खाल्ले, हा प्रश्न त्यामानाने मागेच राहिला. आमच्या मते खरा प्रश्न तोच होता.

आईबापांचा वारसा खोटा आहे असे आम्ही म्हणत नाही. एकाच घरात पोटभर जेवलेल्या दोन भावांपैकी एक उंच आणि एक ठेंगणा निघतो, तो वारशामुळेच. पण सबंध गावाची किंवा देशाची सरासरी जेव्हा खाली राहते, तेव्हा वारशाकडे बोट दाखविणे ही पळवाट होय. जागतिक आरोग्य संघटनेने १९९७ ते २००३ या काळात ब्राझील, घाना, भारत, नॉर्वे, ओमान आणि अमेरिका या सहा देशांतील सुस्थितीतील, अंगावर दूध पिणाऱ्या मुलांची वाढ मोजली. दिल्लीतील मुले आणि नॉर्वेतील मुले पहिल्या पाच वर्षांत जवळजवळ सारखीच वाढली. अंगणवाडीतील वाढीचा तक्ता आज त्याच मापांवर आधारलेला आहे.

त्या तक्त्यावर आपला गोवा कोठे बसतो? गोवा सधन, सुशिक्षित, दवाखान्यांनी भरलेला, असे आपण अभिमानाने सांगतो. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीप्रमाणे २०१५-१६ साली गोव्यातील पाच वर्षांखालील शेकडा २० मुलांची उंची वयाच्या मानाने खुंटलेली होती. २०१९-२१ च्या पाहणीत हे प्रमाण शेकडा २६ च्या जवळ गेले. त्याच काळात सबंध देशाचे प्रमाण ३८ वरून ३५ वर उतरले. देश सुधारत असता आपण मागे सरकलो, हे वाचून आम्ही आकडे पुन्हा तपासून पाहिले. २०१२ साली आणि पुन्हा २०१८ साली खाणी बंद पडल्या तेव्हा डिचोलीतील कित्येक घरांची मिळकत आटली, हे सर्वांस ठाऊक आहे. पण सारा दोष तिच्यावर टाकणे आम्हांस पटत नाही. घरी पैसा असूनही सकाळच्या पेजेच्या जागी बिस्किटाचा पुडा आला, हे पेडण्यात काय आणि डिचोलीत काय, डोळ्यांपुढे दिसते आहे.

एकीकडे मुले खुंटलेली आणि दुसरीकडे त्याच पाहणीत गोव्यातील शेकडा ३६ स्त्रियांचे वजन प्रमाणाबाहेर! २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या देशव्यापी अभ्यासात मधुमेहाचे सर्वांत अधिक प्रमाण गोव्यातच आढळले, शेकडा २६ च्या वर. ठेंगणेपणा आणि लठ्ठपणा हे एकमेकांचे वैरी वाटतात, परंतु ते एकाच घरचे असू शकतात. हे कोडे उलगडण्याच्या कामी मोठा वाटा पुण्याच्या के. ई. एम. रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांचा. १९९३ पासून त्यांनी पुण्याजवळच्या सहा खेड्यांतील गर्भवती स्त्रियांचा अभ्यास केला. त्या माता सरासरीने ४२ किलो वजनाच्या आणि सुमारे पाच फूट उंचीच्या होत्या. त्यांची बाळे सुमारे २.७ किलो भरली. इंग्लंडातील साउथॅम्प्टन शहरातील बाळे ३.५ किलोंची. आश्चर्य असे की आपले बाळ स्नायूंनी कृश होते, पण त्वचेखालची चरबी मात्र तिने राखून ठेवली होती, म्हणजे दिसावयास बारीक आणि आतून मेदयुक्त. अशा बाळास पुढे पोटभर गोडधोड मिळाले की मधुमेहास वाट मोकळी होते.

म्हणजे उंचीचा हिशेब मूल जन्मण्यापूर्वीच सुरू होतो, आईच्या ताटात. आपल्या घरांत सर्वांचे जेवण झाल्यावर, उरलेल्या हुमणात भात कालवून जेवणारी कोण असते, हे वाचकांस वेगळे सांगावयास नको. गरोदर सूनबाई शेवटी जेवते याचा काही जण विनय म्हणून गौरव करतात. आम्हांस त्यात गौरव करण्यासारखे काही दिसत नाही.

पुण्याच्या त्याच खेड्यांतून आणखी एक गोष्ट निघाली, ती आपल्या माताभगिनींनी जरूर वाचावी. ज्या गर्भवती स्त्रियांच्या खाण्यात हिरव्या पालेभाज्या, फळे आणि दूध वरचेवर होते त्यांची बाळे मोठी भरली; नुसता भात-भाकरीचा ढीग वाढवून तो फरक पडलेला दिसला नाही. ज्या स्त्रियांना गरोदरपणी शेतीची आणि पाणी वाहण्याची जड कामे करावी लागली, त्यांची बाळे हलकी भरली. पेडण्यातल्या परसात तांबडी भाजी होते, कुंपणावर शेवगा असतो, ज्याच्या पाल्यास आपण मस्काची भाजी म्हणतो. अळसांदे, नाचणी, तारल्या यांचीही वाण नाही. फळ विकत आणावयाचे तर पपई आणि पेरू घरचेच असतात.

मुलाची वाढ पाहण्यासाठी अंगणवाडीत वजन आणि उंची दोन्ही मोजून घ्यावी. नुसत्या वजनाने खुंटलेली उंची कळत नाही. दोन वर्षांखालील मुलास उभे न करता फळीवर निजवून, गुडघे सरळ धरून लांबी घेतात. मूल रडते, हातपाय झाडते, तेव्हा दोघींनी मिळून ते करावे लागते.