बाळाचा लंगोट आणि गजकर्णाची ट्यूब

वस्तीत बाळंतिणीकडे गेलो की आम्ही आधी दुपटं बाजूला करून बाळाच्या जांघा पाहतो. बऱ्याचदा त्या लालबुंद असतात. आजी म्हणते, उष्णता झाली. उष्णता नव्हे, शी-शूच्या ओलाव्याने कातडी सोलवटलेली असते. डायपर महाग, म्हणून एकच रात्रभर राहतो. आईला दोष कसा द्यायचा? नळाला पाणी तासभर, त्यात दिवसाचे दहा-बारा लंगोट धुवायचे.

तरी एवढं जमवा. दर २-३ तासांनी लंगोट बदला, शी झाली तर लगेच. कोमट पाण्याने धुऊन मऊ सुती कापडाने टिपा, घासू नका. मग थोडा वेळ उघडंच राहू द्या. मोकळ्या हवेने निम्मं काम होतं. वर झिंक ऑक्साइडचं मलम जाडसर लावा. पावडर नको, ती श्वासावाटे छातीत जाते.

आमचं खरं भांडण घरातल्या गजकर्णाच्या ट्यूबशी आहे. आणलेली मोठ्यांसाठी, लावतात बाळाला. अशा बऱ्याच ट्यूबांत स्टिरॉइड असतं. लाली झटकन जाते, सगळे खूश. पण कातडी पातळ होते, आणि लंगोटाखाली ते औषध अंगात जास्तच शोषलं जातं. डॉक्टरांनी सांगितल्याशिवाय लावू नका.

२-३ दिवसांत फरक नसेल, घड्यांत लाली आणि भोवती बारीक लाल ठिपके असतील, तर बुरशी असू शकते, दवाखान्यात दाखवा. पू, फोड, ताप, किंवा बाळ दूध ओढत नसेल तर थांबूच नका. दवाखान्यात बाळंतपण झालं असेल तर आशाताई ४२ दिवसांत ६ वेळा घरी येतात. त्यांच्यासमोर लंगोट सोडून दाखवायला लाजू नका.