रानातील पालेभाज्या : ओळख आणि सावधगिरी

कवठे महांकाळ तालुका हा पर्जन्यछायेतील मुलूख होय. येथील बहुतेक रान पूर्वी पावसावरच पिकत असे, आणि पाऊस पुष्कळदा दगा देई. अशा मुलखात आपोआप उगवणारी भाजी घरच्या स्त्रियांनी ओळखून ठेवावी, हे साहजिक होते. बाजरीच्या वा मटकीच्या रानात खुरपताना निघालेल्या तणांतील खाण्याजोगे ओटीत व उरलेले बांधावर, अशी निवड त्या करीत. हे ज्ञान विद्यार्थ्यांपर्यंत पोहोचावे, परंतु अर्धवट पोहोचू नये, यासाठी हे टिपण आहे.

चिघळ : ही जमिनीलगत पसरते. खोड तांबूस व रसाळ, पाने बारीक पण जाड, फुले पिवळी. तिच्या आंबटपणास ऑक्झॅलिक आम्ल कारण आहे. डाळीत किंवा ताकात शिजविण्याची घरोघरची रीत योग्यच आहे. ताकातील कॅल्शियम त्या आम्लाशी संयोग पावते. मुतखड्याचा विकार असणाऱ्यांनी मात्र ती बेतानेच खावी.

चिघळीशेजारी दुधीही पसरलेली आढळते. तिचे खोड मोडताच पांढरा चीक येतो. चिघळीस येत नाही. तथापि ‘चीक आला की अखाद्य’ असा सरसकट नियम सांगू नये. पाथरीलाही चीक असतो, आणि ती भाकरीबरोबर कच्चीच खातात. प्रत्येक वनस्पती तिच्या सर्व खुणांनिशी ओळखावयाची असते, हाच यातील धडा होय.

तांदुळजा : याची कोवळी पाने व शेंडे घ्यावेत. काटेमाठ त्याच्याच जातीचा. पानाच्या बेचक्यातील काट्यांवरून तो ओळखू येतो. या भाज्यांतील कॅरोटीनपासून शरीरात ‘अ’ जीवनसत्त्व तयार होते. कॅरोटीन तेलात विरघळते, म्हणून थोडी फोडणी उपकारकच ठरते. भाजी आधी धुवावी, मग चिरावी; चिरून धुतल्यास काही सत्त्वे पाण्याबरोबर जातात.

अळंबी : येथे ओळखीचा धडा देऊच नये. चांदीचे नाणे किंवा लसूण काळा पडला तर अळंबी विषारी, ही समजूत खोटी आहे. काही अळंब्यांचे विष शिजवूनही नाहीसे होत नाही. मुलांनी अळंबी खुडू नये, एवढेच निक्षून सांगावे.

आता एक नवी गोष्ट. म्हैसाळ उपसा योजनेचे पाणी आल्यानंतर तालुक्यात द्राक्षबागांना आधार मिळाला. बागेत कीडनाशके व बुरशीनाशके, तर अनेक शेतांत तणनाशकेही फवारली जातात. तीच चिघळ, तोच तांदुळजा. पण फवारलेल्या रानातील भाजी खाण्यास योग्य नव्हे. आजीला भाजी ओळखता येते, परंतु फवारणी केव्हा व कशाची झाली हे पानावरून तिलाही कळत नाही. ‘ही कोणती?’ या प्रश्नास ‘ही कोठली?’ हा दुसरा प्रश्न आता जोडावयास हवा.

शिक्षकांनी पहिल्या पावसानंतर पंधरवड्याने वर्ग गायरानावर न्यावा. गावातील जाणत्या वृद्ध स्त्रीस सन्मानाने सोबत बोलवावे. प्रत्येक मुलाने एक डहाळी कागदात दाबून वाळवावी व खाली गावातील नाव, जागा आणि शिजविण्याची रीत लिहावी. सहलीत कोणीही काही तोंडात घालू नये. तांदुळजा, शेवगा व हादगा शाळेच्या परसबागेतच लावावेत. तेथे फवारणीची शंका उरत नाही.