बर्फातील बॅटरी आणि ओंजळभर ऊन

यंत्र वापरले म्हणजे झिजते, हे आपण लहानपणापासून ऐकत आलो आहोत. परंतु न वापरल्यामुळे मरणारीही एक वस्तू आहे, आणि ती म्हणजे बॅटरी. भूगोलाच्या विद्यार्थिनीने बॅटरीवर लिहावे याचे काहींना नवल वाटेल. पण बर्फाच्या देशात या प्रश्नात जितके रसायनशास्त्र आहे तितकाच भूगोलही आहे; म्हणूनच हा लेखनप्रपंच.

माझे मामा गेली कित्येक वर्षे कॅनडातील कॅलगरी शहरात राहतात. त्यांच्याकडे एक मोटारघर आहे. मोटारघर म्हणजे चाकांवरचे बिऱ्हाडच. पुढे इंजिन, मागे झोपायची जागा, गॅसची शेगडी, लहानसा फ्रीज, पाण्याचा पंप आणि दिवे. उन्हाळ्यात मामा-मामी ते घेऊन रॉकी पर्वतात हिंडतात. ऑक्टोबर आला की नळ्यांतले पाणी काढून टाकतात आणि गाडी एप्रिलपर्यंत उघड्या आवारात उभी राहते. अशा गाडीत दोन बॅटऱ्या असतात. एक इंजिन सुरू करण्याची आणि दुसरी घरातले दिवे-पंप चालवणारी. एका वसंतात मामा पाहतात तो दुसऱ्या बॅटरीचे कवच तडकलेले आणि आम्ल खाली सांडलेले! गाडीला कोणी हातही लावला नव्हता. मग ती फुटली कशाने?

याचे उत्तर बॅटरीच्या पोटात आहे. शिशाचे पत्रे आणि पाणी मिसळलेले गंधकाम्ल असलेली बॅटरी फ्रेंच शास्त्रज्ञ गास्तों प्लांते यांनी 1859 साली तयार केली. तिचे मूळ तत्त्व आजही तेच आहे. बॅटरी रिकामी होऊ लागली की आम्लातील गंधकाचा अंश पत्र्यांवर जाऊन बसतो आणि मागे उरणारे द्रव अधिकाधिक पाणचट होते. पूर्ण भरलेल्या बॅटरीतील द्रव उणे 50 अंश सेल्सिअसलाही गोठत नाही. निम्मी भरलेली बॅटरी साधारण उणे 25 अंशांच्या आसपास गोठते. पार रिकामी झालेली तर उणे 7 ते 10 अंशांतच बर्फ होते. कॅलगरीत काही रात्री पारा उणे 30 पर्यंत उतरतो. पाण्याचे बर्फ होताना ते फुगते हे आपण शाळेतच शिकलो. तेच फुगणे कवच फोडते. थोडक्यात, भरलेले असणे हेच बॅटरीचे कांबळे. गोठण्यातून वाचली तरी रिकाम्या बॅटरीच्या पत्र्यांवर सल्फेटचे कठीण स्फटिक धरतात आणि तिची साठवण्याची शक्ती कायमची घटते.

आता कोणी विचारील, गाडी बंद असताना वीज जाते कुठे? काही वीज बॅटरी आपोआप गमावते. शिशाच्या बॅटरीत हे प्रमाण महिन्याला सुमारे 3 ते 5 टक्के असते आणि थंडीत ते आणखी कमी होते. खरा चोर वेगळाच आहे. गॅसगळतीची सूचना देणारे यंत्र, रेडिओचे घड्याळ, असली बारीकसारीक उपकरणे रात्रंदिवस वीज पीत असतात. ती सारी मिळून 50 मिलिअँपिअर घेतात असे धरू. म्हणजे दिवसाला 1.2 अँपिअर-तास. 100 अँपिअर-तासांची बॅटरी या हिशोबाने चाळीस दिवसांत जवळजवळ निम्मी होते, आणि हिवाळा तर पाच-सहा महिन्यांचा!

यावर उपाय म्हणून मामांनी छपरावर 100 वॅटची सौरपट्टी बसवली. येथे भूगोल येतो. कॅलगरी 51 उत्तर अक्षांशावर आहे. 21 डिसेंबरच्या सुमारास तेथे भर दुपारी सूर्य क्षितिजापासून जेमतेम साडेपंधरा अंश वर येतो आणि दिवस आठ तासांचाही नसतो. त्याच दिवशी पुण्यात सूर्य 48 अंशांवर असतो आणि दिवस सुमारे अकरा तासांचा असतो. इतक्या तिरप्या उन्हात आडव्या पट्टीच्या वाट्याला थेट उन्हाचा जेमतेम चौथा हिस्सा येतो. तरीही दिवसभराच्या उन्हाची बेरीज पूर्ण तेजाच्या अर्ध्या तासाइतकीच धरली, तर 100 वॅटची पट्टी 50 वॅट-तास, म्हणजे सुमारे चार अँपिअर-तास देते. खर्च सव्वा आणि जमा चार! ओंजळभर ऊन पुरले ते असे.

मात्र पट्टी 10 वॅटची असती, तर जमा 0.4 आणि खर्च 1.2 असा उलटा हिशोब झाला असता. म्हणून जमा वाढवण्याआधी खर्च तोडावा, हे शहाणपणाचे. मामा आता गाडी उभी करताना मुख्य स्विच बंद करतात. सौरपट्टीच्या तारा मात्र या स्विचच्या अलीकडे, थेट बॅटरीच्या बाजूला जोडलेल्या हव्यात. नाहीतर स्विचबरोबर सूर्यही बंद व्हायचा. पुष्कळदा पट्टी फक्त घराच्या बॅटरीलाच जोडलेली असते आणि इंजिनाची बॅटरी उपाशी राहते, हेही पाहावे लागते.

पट्टी आणि बॅटरी यांच्यामध्ये चार्ज कंट्रोलर नावाची पेटी असते. बॅटरी भरत आली की ती प्रवाह आवरते आणि रात्री वीज उलट पट्टीकडे जाऊ देत नाही. जोडताना आधी बॅटरी आणि मग पट्टी, असा क्रम असतो. थंडीत बॅटरीला भरण्यासाठी थोडा अधिक व्होल्टेज लागतो, म्हणून तापमान ओळखणारी पेटी चांगली.

सर्वांत मोठा शत्रू म्हणजे बर्फ. पट्टीतील घट एकापुढे एक जोडलेले असल्याने थोडी सावलीही बरीच वीज खाते. मग बर्फाचा जाड थर काय करील! कॅलगरीकरांच्या मदतीला शिनूक नावाचा वारा येतो. रॉकी पर्वत ओलांडून खाली उतरताना तो तापतो आणि काही तासांत तापमान वीसेक अंशांनीही चढवतो. तो आला की छपरावरचे बर्फ वितळू लागते. पण वाऱ्याच्या भरवशावर किती राहणार? पट्टी दक्षिणेकडे तोंड करून बरीच उभी कलती ठेवली, तर बर्फ घसरून पडते आणि तिरपे ऊनही समोरून मिळते.

अलीकडे लिथियमच्या बॅटऱ्या आल्या आहेत. त्यांचे शास्त्र उलटे. शून्य अंशाखाली त्या भरू नयेत, कारण आत लिथियम धातूचा थर साचून बॅटरी बिघडते. त्या साधारण निम्म्या भरून, पट्टीपासून तोडून ठेवतात. गाडी छपराखाली असेल तर पट्टीचा उपयोगच नाही; मग शिशाची बॅटरी काढून घरी आणावी आणि अधूनमधून विजेवर भरावी.

बॅटरीची प्रकृती व्होल्टमीटर सांगतो. भरणे थांबवून काही तासांनी मोजल्यास 12.7 व्होल्ट म्हणजे भरलेली, 12.2 म्हणजे निम्मी, आणि 12 च्या खाली गेली की धोका.

आपल्याकडे बर्फ नाही. तरी सुटीत बंद घरातला इन्व्हर्टर किंवा पावसाळाभर उभी असलेली मोटार यांनाही सल्फेटचा नियम चुकत नाही. आणि सूर्याच्या बाबतीत तर आपण कॅलगरीकरांहून कितीतरी श्रीमंत! तिकडे साडेपंधरा अंशांवरच्या सूर्यावर बॅटऱ्या जगतात. थेंबे थेंबे तळे साचते खरे. पण त्याआधी तळ्याची गळती शोधावी लागते.