पासष्ट मीटर खोलीवर फुटलेली भिंत

पुणे-पिंपरीच्या वाहन उद्योगात रोज संध्याकाळी शेकडो इंजिनिअर एखादा 'रन' लावून घरी जातात. गाडीची चासी असो, पुलाचा गर्डर असो की गुडघ्याचा कृत्रिम सांधा, रीत तीच. वस्तूचे संगणकावर हजारो-लाखो छोटे तुकडे करायचे, म्हणजे मेश तयार करायची. मग टेकू द्यायचे, भार लावायचा आणि गणित सॉल्व्हरच्या हवाली करायचं. सकाळी येऊन बघावं तर कधी रंगीत चित्रासह उत्तर हजर असतं, कधी रन मध्येच पडलेला असतो. पडलेल्या रनवर सगळेच वैतागतात. पण त्यात निदान काहीतरी बिघडलं आहे हे कळतं तरी. नुकसान करतो तो रन, जो कसलीही कुरकुर न करता पूर्ण होतो आणि चुकीचं उत्तर हातात ठेवतो.

या पद्धतीचं नाव फायनाइट एलिमेंट मेथड. १९५६ साली बोइंग कंपनीतल्या विमानरचनेच्या कामातून टर्नर, क्लफ, मार्टिन आणि टॉप या चौघांचा पाया घालणारा शोधनिबंध आला, आणि १९६० मध्ये रे क्लफ यांनी पद्धतीला हे नाव दिलं. कल्पना समजायला अवघड नाही. प्रत्येक तुकड्याच्या कोपऱ्यांवर बिंदू असतात, त्यांना नोड म्हणतात. भार पडल्यावर प्रत्येक नोड किती सरकेल, एवढंच विचारायचं. दोन नोडच्या मधला भाग कसा सरकेल याबद्दल एक सोपा अंदाज धरायचा: सरळ रेषेत, किंवा जरा चांगला तुकडा असेल तर वक्ररेषेत. सगळे तुकडे एकमेकांना जोडले की लाखो समीकरणं तयार होतात आणि ती संगणक सोडवतो.

रन पडण्याचं सगळ्यात नेहमीचं कारण म्हणजे कुठला तरी भाग मोकळा राहिलेला असतो. मॅट्रिक्स सिंग्युलर आहे, असा संदेश येतो. त्याचा अर्थ साधा आहे: ज्या वस्तूला कुठेच आधार नाही, तिला ढकललं तर ती किती सरकेल याचं एकच एक उत्तर देता येत नाही. लाखो नोडच्या मॉडेलमध्ये तो सुटा भाग डोळ्यांनी शोधणं कठीण. मुरलेले लोक तेव्हा भार बाजूला ठेवतात आणि त्याच मॉडेलची कंपनं काढतात. आधार नसलेल्या अखंड वस्तूला शून्य वारंवारतेच्या बरोबर सहा हालचाली असतात: तीन दिशांना सरकणं आणि तीन अक्षांभोवती फिरणं. नीट आधार दिलेल्या वस्तूला अशी एकही नसावी. एखादी निघालीच, तर ती हालचाल पडद्यावर चालवून बघायची. न जोडलेला बोल्ट किंवा वेल्ड करायची राहिलेली पट्टी एकटीच तरंगत निघून जाताना दिसते. ही युक्ती मला फार आवडते, कारण तिथे सॉफ्टवेअर स्वतःच बोट दाखवतं.

एककांच्या बाबतीत असं बोट कुणी दाखवत नाही. सॉल्व्हरला मिलिमीटर ठाऊक नसतो आणि किलोही ठाऊक नसतो, त्याला फक्त आकडे कळतात. लांबी मिलिमीटरमध्ये आणि बल न्यूटनमध्ये घेतलं, की वस्तुमान टनांत द्यावं लागतं. मग पोलादाची घनता ०.००००००००७८५ होते. तिथे सवयीने ७८५० टाइप झालं, तर वस्तू एक लाख कोटी पट जड होते आणि रन तरीही सुखरूप पूर्ण होतो. एवढी मोठी चूक निदान उत्तर पाहताच लक्षात येते.

बारीक चुका लपून राहतात. सरळ रेषेच्या अंदाजावर चालणाऱ्या साध्या त्रिकोणी तुकड्यांनी वाकणारी पट्टी बनवली, तर ती प्रत्यक्षाहून कितीतरी ताठ निघते, कारण त्या तुकड्यांना वाकताच येत नाही. रबरासारखा, दाबून आकारमान जवळजवळ न बदलणारा पदार्थ घेतला तर तीच गत. आतल्या बाजूच्या धारदार कोपऱ्यावर उलटा प्रकार होतो: मेश जितकी बारीक करावी तितका ताण चढतच जातो, कारण खुद्द गणितातच त्या बिंदूवरचा ताण अनंत असतो. शिवाय, सॉल्व्हर थेट काढतो ते नोडचं सरकणं. ताण त्यावरून, सरकण्याच्या बदलाच्या दरावरून काढला जातो. म्हणून सरकणं बऱ्यापैकी बरोबर आलं तरी ताण चुकीचा असू शकतो.

याची किंमत नॉर्वेने मोजली. उत्तर समुद्रातल्या तेल-वायू उत्पादनासाठी 'स्लाइपनर ए' या प्लॅटफॉर्मचा काँक्रीटचा पाया बांधला जात होता: एकमेकांना चिकटलेल्या चोवीस पोकळ कोठ्या आणि त्यांतल्या चार कोठ्यांवर उंच खांब. २३ ऑगस्ट १९९१ रोजी, स्टाव्हांगरजवळच्या गान्सफ्योर्डमध्ये, चाचणीसाठी तो हळूहळू पाण्यात खाली उतरवत असताना सुमारे ६५ मीटर खोलीवर एका कोठीची भिंत फुटली. पाणी आत घुसलं आणि अख्खा सांगाडा २२० मीटर खोल तळावर जाऊन चक्काचूर झाला. त्या आघाताची नोंद ३.० तीव्रतेचा भूकंप अशी झाली. वरची माणसं वाचली. एकूण आर्थिक फटका सुमारे ७० कोटी डॉलर्सचा होता.

भिंत कुठे फुटली ते नीट पाहण्यासारखं आहे. तीन कोठ्या जिथे एकमेकींना भिडत, तिथे मधोमध एक त्रिकोणी पोकळी राहत होती. ती वरून समुद्राला उघडी, म्हणजे तिच्यात पाणी, आणि पलीकडच्या कोठ्यांत हवा. ६५ मीटर खोलीवर त्या भिंतीच्या दर चौरस मीटरवर ६५ टनांहून जास्त दाब येत होता. असा दाब झेलणाऱ्या भिंतीला कापू पाहणारं बल तिच्या दोन टोकांशी, कोपऱ्याजवळ, सर्वांत जास्त असतं. नेमक्या त्याच कोपऱ्यात मेश भरड होती आणि तुकडे तिरपे, ताणलेले होते. नॅस्ट्रन या नावाजलेल्या सॉफ्टवेअरमध्ये केलेल्या विश्लेषणात तिथला कातरताण सुमारे ४७ टक्क्यांनी कमी निघाला. त्या आकड्यावर विसंबून भिंतीची जाडी आणि सळ्या ठरल्या. शिवाय कोपऱ्यातल्या सळ्या आत पुरेशा लांब नेलेल्या नव्हत्या. अपघातानंतर त्याच भागाचं विश्लेषण काळजीने पुन्हा केलं, तेव्हा भिंत ६२ मीटरवर फुटेल असं उत्तर आलं. पद्धत तीच होती. मेश योग्य केल्यावर तिने प्रत्यक्ष घटनेच्या तीन मीटर जवळचं उत्तर दिलं.

मला यातली सगळ्यात बोचणारी बाब ही वाटते, की कोपऱ्यातल्या बलाचा तो चुकलेला आकडा कागदावर तपासता आला असता. दोन टोकांना टेकलेल्या भिंतीवर सारखा दाब असेल, तर प्रत्येक टोकाने एकूण भाराचा निम्मा पेलायलाच हवा. दाब गुणिले रुंदी, भागिले दोन. संगणकाचा आकडा त्याच्या जवळपास निम्मा असेल, तर कुठेतरी भार हरवला आहे हे बारावीच्या विद्यार्थ्यालाही सांगता येईल. आजही चांगल्या कार्यालयांत रन संपल्यावर रंगीत चित्र उघडण्याआधी सर्व टेकूंच्या प्रतिक्रिया बेरजेला घेतात आणि लावलेल्या भाराशी जुळवतात. मग मेश निम्म्या आकाराची करून पुन्हा रन लावतात. ज्या ठिकाणचा ताण हवा आहे तिथला आकडा दोन्ही वेळा जवळपास तोच आला, तरच त्यावर पुढचं काम होतं. यात एखादा दिवस जातो, आणि डेडलाइन आली की नेमका हाच दिवस कापला जातो. तो कापू नये, असं मला मनापासून वाटतं.

पाया बुडाल्यानंतर तो बांधणाऱ्या नॉर्वेतल्या कंपनीपुढे वेळेचाच प्रश्न होता. उशिराचा प्रत्येक दिवस सुमारे दहा लाख डॉलर्सना पडणार होता. नवी संगणकीय विश्लेषणं हाती येईपर्यंत थांबणं परवडणारं नव्हतं. मग तिथल्या इंजिनिअरांनी वीस वर्षांपूर्वी, अशा पहिल्या प्लॅटफॉर्मच्या वेळी वापरलेली हातगणिताची पद्धत पुन्हा काढली आणि दुसरा पाया तिच्यावर डिझाइन केला. संगणकाची नवी उत्तरं आली तेव्हा सगळं डिझाइन हाताने पूर्ण झालं होतं आणि बराचसा भाग बांधूनही झाला होता. २९ एप्रिल १९९३ रोजी त्या नव्या पायावर प्लॅटफॉर्मचा डेक बसवण्यात आला.