अंगणवाडी सेविकांनी मोबाईल परत का केले होते? त्याच प्रश्नात आहे एक नवं करिअर

ऑगस्ट २०२१. महाराष्ट्रातल्या अंगणवाडी सेविकांनी एक वेगळंच आंदोलन सुरू केलं. सरकारनं कामासाठी दिलेले मोबाईल त्यांनी सरकारलाच परत द्यायला सुरुवात केली. नाव पडलं 'मोबाईल वापसी'.

बातमी वाचून अनेकांना वाटलं, बायकांना टेक्नॉलॉजी नको असेल. पण विषय तसा नव्हता. मोबाईलची रॅम होती २ जीबी. तो हँग व्हायचा, तापायचा, बिघडला की दुरुस्तीचा खर्च सेविकेच्या अंगावर यायचा. आणि ज्या 'पोषण ट्रॅकर' ॲपमध्ये रोज माहिती भरायची, ते ॲप होतं इंग्रजीत. ज्या सेविकेनं वर्षानुवर्षं मराठीत रजिस्टर लिहिलं, तिला अचानक इंग्रजी रकाने भरायला सांगितले गेले.

म्हणजे ॲप होतं, मोबाईल होता, आदेशही होता. नव्हतं काय? तर हे सगळं ज्या बाईनं वापरायचं, तिच्याशी नीट बोलणारं आणि तिचं म्हणणं वरपर्यंत पोचवणारं कुणी.

मोठ्या कंपन्यांत याच कामाला एक पद असतं, टीम असते, बजेट असतं. त्याचं नाव 'इंटर्नल कम्युनिकेशन', आणि त्याचं पुढचं रूप म्हणजे 'डिजिटल वर्कप्लेस'. हे काम नेमकं काय असतं, त्यात करिअर कसं होतं आणि बीडसारख्या जिल्ह्यातल्या पोरापोरींना त्यात संधी आहे का, ते पाहूया.

आधी बेसिक : इंटर्नल कम्युनिकेशन म्हणजे काय?

पीआरवाला कंपनीचं म्हणणं बाहेरच्या जगाला सांगतो. इंटर्नल कम्युनिकेशनवाला तेच आतल्या माणसांना सांगतो. सुट्ट्यांचे नियम बदलले, नवीन साहेब आले, पगाराची पद्धत बदलली, दोन कंपन्या एक झाल्या, तर कर्मचाऱ्याला ते कधी, कुणाकडून आणि कुठल्या शब्दांत कळणार, हे तो ठरवतो.

पूर्वी याची साधनं होती नोटीस बोर्ड, परिपत्रक आणि कंपनीचं मासिक. मग आले ईमेल आणि इंट्रानेट, म्हणजे फक्त कर्मचाऱ्यांसाठीची वेबसाईट. तुमच्या ओळखीतलं कुणी टीसीएसमध्ये असेल तर 'अल्टिमॅटिक्स' हे नाव ऐकलं असेल, इन्फोसिसमध्ये असेल तर 'स्पर्श'. हे त्याच घरातले.

पुढे २०१४ मध्ये स्लॅक बाजारात आलं, २०१७ मध्ये मायक्रोसॉफ्ट टीम्स आलं. नंतर कोरोनात ऑफिसं बंद झाली आणि ऑफिस म्हणजे स्क्रीनच झाली. मीटिंग, फाईल, हजेरी, तक्रार, ट्रेनिंग, सगळं तिथंच. या सगळ्या साधनांना मिळून म्हणतात 'डिजिटल वर्कप्लेस'.

इथंच इंटर्नल कम्युनिकेशनवाल्यांचं काम बदललं. निरोप लिहिणं आधीपासून होतंच, त्यात तो ज्या रस्त्यानं जातो तो रस्ता बांधण्याचं कामही आलं. इंट्रानेटवर सर्च केल्यावर काय आधी दिसावं, कुठली सूचना कुणाला जावी, कोणती जाऊ नये, लोक कुठं अडकतात, हे ठरवायला आयटीच्या टीमला भाषा आणि माणसं कळणारं कुणीतरी लागतं. आयटीवाल्याला सर्व्हर कळतो, एचआरवाल्याला नियम कळतो. पण तो नियम त्या स्क्रीनवर वाचून माणसाला काय कळेल, हे पाहणारा तिसरा माणूस हवा असतो.

आता हेच बीडमध्ये आणून बघू

पोषण ट्रॅकर १ मार्च २०२१ पासून देशभर सुरू झालं. त्याआधी 'कॅस' नावाचं ॲप होतं आणि त्याच्याही आधी ११ रजिस्टरं. मुलांचं वजन, उंची, हजेरी, गरोदर माता, घरपोच आहार, सगळी नोंद तिथं. दिल्लीत बसलेल्या अधिकाऱ्याला गावपातळीचा आकडा दिसावा, ही कल्पना चांगलीच आहे.

पण बीडचं गणित वेगळं आहे. दिवाळीच्या आसपास धारूर, वडवणी, पाटोदा, शिरूर कासार, केज अशा तालुक्यांतून हजारो जोडपी कोयता घेऊन बाहेर पडतात. मुकादमाची उचल घेतलेली असते, म्हणून पश्चिम महाराष्ट्रात किंवा कर्नाटकात ऊस तोडायला जावंच लागतं. परत यायला मार्च-एप्रिल उजाडतो. काही लेकरं आई-बापाबरोबर फडात जातात, काही आजीजवळ राहतात.

अशा वेळी अंगणवाडीतल्या सेविकेसमोर प्रश्न उभा राहतो. यादीत नाव आहे, पण पोर गावात नाही. त्याची गैरहजेरी लावायची? नाव काढायचं? की दुसऱ्या गावच्या अंगणवाडीत वळतं करायचं? स्थलांतरित लाभार्थी दुसऱ्या अंगणवाडीकडे वळता करण्याची सोय ॲपमध्ये आहे. पण ती सोय सेविकेला माहीत नसेल, तर ती असून नसल्यासारखीच. आणि इथली चूक आकड्यापुरती राहत नाही. नाव चुकीचं निघालं तर पोराच्या आहारावर परिणाम होतो.

समजा, याबद्दलची सूचना व्हॉट्सॲप ग्रुपवर अशी आली :

'सर्व संबंधितांना कळविण्यात येते की, स्थलांतरित लाभार्थ्यांची माहिती तात्काळ अद्ययावत करून अनुपालन अहवाल सादर करावा. दिरंगाई झाल्यास जबाबदारी निश्चित करण्यात येईल.'

यातून सेविकेला काय कळलं? काहीतरी करायचंय आणि नाही केलं तर आपल्यावर शेकणार आहे, एवढंच.

आता तीच सूचना अशी :

'ताई, ऊसतोडीला गेलेल्या घरातली मुलं तीन प्रकारची आहेत. एक, आई-बापाबरोबर गेलेलं मूल : त्याचं नाव काढून टाकू नका, स्थलांतराचा पर्याय वापरा. दोन, आजीजवळ राहिलेलं मूल : काहीच बदलू नका, रोजची हजेरी लावा. तीन, कुठं आहे नक्की माहीत नाही : आधी घरी विचारा, मग नोंद करा. कसं करायचं त्याचा दोन मिनिटांचा व्हिडिओ खाली आहे. अडलं तर पर्यवेक्षिका मॅडमना दुपारी फोन करा.'

दोन्ही मेसेज आम्ही उदाहरण म्हणून लिहिलेत. ॲप तेच, मोबाईल तोच, फरक फक्त दुसरा मेसेज लिहिणाऱ्यानं आधी अंगणवाडीत जाऊन बघितलंय, एवढाच. डिजिटल वर्कप्लेसमधला निम्मा पगार याच फरकाचा असतो.

मग या क्षेत्रातली माणसं करतात काय?

या कामाचे साधारण चार भाग पडतात.

पहिला, मजकूर. सूचना, मदतीची पानं, छोटे व्हिडिओ, ॲपच्या बटणावरचे शब्दसुद्धा.

दुसरा, रचना. कोणती माहिती कुठं ठेवायची, जुनी पानं कधी काढायची, कोणाला काय दिसावं. इंट्रानेटवर रजेच्या नियमाच्या चार वेगवेगळ्या फाईल सापडत असतील, तर हे काम कुणी केलेलं नाही असं समजा.

तिसरा, बदल पचवणं. नवं साधन आलं की लोक ते लगेच वापरत नाहीत. यासाठी 'प्रोसाय' या संस्थेचं 'आडकार' नावाचं एक मॉडेल जगभर वापरलं जातं. त्यात पाच पायऱ्या आहेत. बदल का होतोय हे कळलं का, तो करावासा वाटतो का, कसा करायचा ते माहीत आहे का, प्रत्यक्षात जमतं का आणि जमल्यावर तो टिकतो का. ही पट्टी पोषण ट्रॅकरला लावून पाहा. भाषा इंग्रजी, म्हणजे तिसऱ्या पायरीला खोट. मोबाईल हँग, म्हणजे चौथी गेली. दुरुस्ती स्वतःच्या खिशातून, म्हणजे दुसरीही गेली. मग मोबाईल परत आले तर नवल काय?

चौथा, मोजमाप. किती जणांनी मेसेज उघडला यापेक्षा किती जणांनी त्यानंतर काम बरोबर केलं आणि मदतीचे फोन किती कमी झाले, हे बघणं.

यातून पदं तयार होतात इंट्रानेट मॅनेजर, कंटेंट डिझायनर, चेंज मॅनेजर, ॲडॉप्शन स्पेशालिस्ट अशा नावांची. अनेक जण सुरुवात न्यूजलेटर लिहिण्यापासून करतात आणि पुढे अख्ख्या प्लॅटफॉर्मची जबाबदारी घेतात.

एका टूलवर करिअर लावू नका

फेसबुकनं २०१६ मध्ये कंपन्यांसाठी 'वर्कप्लेस' आणलं होतं. ते चालवता येणं हे अनेकांचं कौशल्य बनलं. मग मे २०२४ मध्ये मेटानं जाहीर केलं की हे बंद करतोय. ग्राहकांना झूमच्या मालकीच्या 'वर्कव्हिवो'कडे जाण्याचा पर्याय दिला गेला.

ज्यांना फक्त वर्कप्लेसची बटणं माहीत होती, त्यांची पंचाईत झाली. ज्यांना मजकूर, रचना आणि माणसं माहीत होती, त्यांना उलट जास्त काम आलं, कारण हजारो माणसांना एका घरातून दुसऱ्या घरात न्यायचं होतं. टूल शिकायचंच, पण करिअर त्याच्या मागच्या कामात करायचं.

एआयचंही तसंच. परिपत्रकाचा सारांश ते काही सेकंदांत देतं. पण आजीजवळ राहिलेल्या पोराचं काय, हा प्रश्न विचारायला गाव माहीत असावं लागतं.

बीडमधून सुरुवात कशी करायची?

स्पष्ट सांगायचं तर या नावाच्या नोकऱ्या बीडमध्ये शोधून सापडणं अवघड आहे. त्या पुणे, मुंबई, हैदराबाद, बंगळुरूत आहेत. २०२४ च्या नॅसकॉम-झिनोव्ह अहवालानुसार देशात विदेशी कंपन्यांची १७०० हून जास्त कॅपेबिलिटी सेंटर्स आहेत, आणि पुणे हे त्यातलं महत्त्वाचं शहर. तिथं इंग्रजी चांगलं लागतं, हेही खरं.

पण कामाचा सराव जिल्ह्यातच करता येतो. राज्य सरकारनं मे २०२५ पासून कार्यालयांसाठी १५० दिवसांचा ई-गव्हर्नन्स कार्यक्रम राबवला, त्यात ई-ऑफिस, डॅशबोर्ड, वेबसाईट असे निकष होते. म्हणजे जिल्ह्यातल्या सरकारी कार्यालयांतही हळूहळू डिजिटल वर्कप्लेस उभं राहतंय. पतसंस्था, साखर कारखाने, शिक्षणसंस्था, दवाखाने यांचंही कामकाज ॲपवर येतंय. तिथं क्लार्कपासून शिपायापर्यंत सगळ्यांना समजावून सांगणारं कुणीतरी लागतंच.

जर्नालिझम किंवा मास कॉम केलेल्यांना लिहिणं आणि मुलाखत घेणं येतं, तो अर्धा पाया झाला. उरलेल्या अर्ध्यासाठी मायक्रोसॉफ्टची शेअरपॉइंट आणि टीम्सची शिकवणी ऑनलाईन फुकट उपलब्ध आहे. एक्सेल नीट शिका. आणि दोन-तीन कामांचा पोर्टफोलिओ करा : एखादं खरं परिपत्रक घ्या, सोप्या मराठीत लिहा, पाच जणांना वाचायला द्या, कुठं अडले ते टिपा, पुन्हा लिहा. मुलाखतीत 'आधी हे होतं, नंतर हे झालं, इतके जण कमी अडखळले' असं दाखवता आलं, तर ते सर्टिफिकेटपेक्षा जास्त बोलतं.

एक गोष्ट मात्र लक्षात ठेवा

या करिअरची एक अवघड बाजूही आहे. जे साधन कर्मचाऱ्याला मदत करायला येतं, तेच त्याच्यावर नजर ठेवायलाही वापरता येतं. पोषण ट्रॅकरमध्ये आता घरपोच आहारासाठी चेहरा ओळखण्याची पद्धत आली आहे. गळती थांबावी हा त्याचा हेतू. पण रेंज नसली, चेहरा जुळला नाही, तर दारात उभ्या असलेल्या बाईला उत्तर सेविकेनंच द्यायचं असतं.

अशा वेळी डिजिटल वर्कप्लेसवाला कुणाचा माणूस असतो? पगार वरून येतो, पण काम खालच्या माणसावर अवलंबून असतं. चांगले लोक वरचा आदेश खाली समजावतात, आणि खालची अडचण आकड्यांसकट वर मांडतात. फक्त पहिलं काम करणाऱ्याला लोक लवकर ओळखतात आणि त्याचे मेसेज उघडणं बंद करतात.

पोषण ट्रॅकर आता मराठीसह वीसहून जास्त भाषांत उपलब्ध आहे. २०२१ मध्ये सेविका जे मागत होत्या, त्यातली भाषेची मागणी चुकीची नव्हती, हे यावरून दिसतं. फक्त ते कळायला मोबाईल परत करावे लागले. ते आधीच ऐकून, लिहून, योग्य टेबलावर ठेवणं म्हणजे हे काम. जमतंय का बघायचं असेल, तर आज तुमच्या व्हॉट्सॲपवर आलेलं एखादं न कळणारं परिपत्रक उघडा आणि सुरुवात करा.