चवदार तळ्याची दुसरी लढाई

मानखुर्दच्या अण्णाभाऊ साठे नगरात निळ्या ड्रमांच्या रांगेत उभ्या एका पोराने परवा विचारलं, "दादा, पाण्यासाठी कुणी कोर्टात जातं का?"

जातं की! मला जुने खटले वाचायचा नाद आहे, म्हणून सांगतो.

२० मार्च १९२७ ला महाडला बाबासाहेबांनी चवदार तळ्याचं पाणी प्यायलं, हे शाळेत शिकवतात. त्याच्या मागचं-पुढचं फारसं कुणी सांगत नाही.

नगरपालिकेने तळं १९२४ मध्येच सगळ्यांना खुलं केलं होतं. कागदावर! सत्याग्रहानंतर तो ठरावही फिरवला.

मग सवर्ण मंडळी दिवाणी कोर्टात गेली. तळं आमचं, वहिवाट आमची. प्रतिवादी होते खुद्द बाबासाहेब. त्याच वर्षी डिसेंबरमध्ये कोर्टाचा मनाईहुकूम आला, तेव्हा पुन्हा सत्याग्रहासाठी जमलेल्या हजारो माणसांना त्यांनी तळ्यावर जाण्यापासून आवरलं. मला पाणी पिण्यापेक्षा हे अवघड वाटतं.

१७ मार्च १९३७ ला मुंबई हायकोर्टाचा निकाल लागला: अनादी काळापासूनची वहिवाट सिद्ध होत नाही. दहा वर्षं गेली. अमेरिकेत वर्णभेदाविरुद्धचा माँटगोमरीचा बस बहिष्कार ३८१ दिवस चालला, तिथेही शेवटचा निकाल कोर्टातच लागला.

आणि आपल्या कामाचा निकाल? झोपडपट्ट्यांच्या पाण्यासाठी लढणाऱ्या पाणी हक्क समितीच्या याचिकेवर डिसेंबर २०१४ मध्ये याच हायकोर्टाने म्हटलं: झोपडी अनधिकृत असली तरी पाणी नाकारता येणार नाही. आधार घटनेचं कलम २१.

नळजोडणीच्या अर्जासोबत या निकालाचा उल्लेख जरूर करा. अर्ज कसा लिहायचा, काही अडलं तर विचारा, जमेल तेवढं सांगेन.